परकायाप्रवेशाचे आख्यान

कॅनडातील सस्कॅचवान प्रांताच्या प्रिन्स अल्बर्ट या गावी १३ एप्रिल १९३८ रोजी न्यूमोनियाने जो गृहस्थ मरण पावला, त्याला इंग्रजी वाचणारे सारे जग ‘ग्रे आऊल’ या नावाने ओळखत होते. स्कॉटिश पिता आणि अपाची माता यांच्या पोटी मेक्सिकोत जन्मलेला, उत्तरेकडील ओजिब्वे लोकांनी आपल्यात सामावून घेतलेला, आणि कातडीच्या व्यापारापायी नामशेष होत चाललेल्या बीव्हर या प्राण्याचा कैवार घेऊन उभा राहिलेला रानवासी, अशी आपली ख्याती त्याने स्वतःच्याच लेखणीने आणि वाणीने मिळवली होती. त्याच दिवशी ‘नॉर्थ बे नगेट’ या उत्तर ऑन्टेरिओतील वृत्तपत्राने तीन वर्षे दप्तरी दाबून ठेवलेली हकीकत प्रसिद्ध केली, ती अशी की हा मनुष्य इंडियन, म्हणजे अमेरिकेचा मूलनिवासी, नसून इंग्रज आहे आणि त्याची विवाहित पत्नी टेमागामी सरोवराकाठी हयात आहे. पुढील काही दिवसांत लंडनच्या वार्ताहरांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे त्याच्या आप्तांना गाठले, आणि आर्चिबाल्ड स्टॅन्सफेल्ड बेलानी, जन्म १८ सप्टेंबर १८८८, एवढी त्याची खरी ओळख जगापुढे आली.

या माणसाविषयी पुढे विपुल लेखन झाले. त्याचे प्रकाशक लोव्हॅट डिक्सन यांनी मृत्यूनंतर वर्षभरात एक आणि १९७३ साली दुसरे अशी दोन पुस्तके लिहिली. इतिहासकार डोनाल्ड स्मिथ यांनी १९९० साली, त्याच्या प्रत्येक बतावणीची कागदोपत्री रुजवात घालणारे साक्षेपी चरित्र सिद्ध केले. १९९९ साली रिचर्ड ॲटनबरो यांनी त्याच्यावर चित्रपट काढला. या सर्व लेखनाला आणि चित्रणाला एका प्रश्नाने पछाडलेले दिसते: हा मनुष्य भोंदू की महात्मा? ज्याचे कार्य निःसंशय उपकारक आणि ज्याचे नाव निःसंशय खोटे, त्याला इतिहासाने कोणत्या रकान्यात बसवावे, या विवंचनेत चरित्रकार गुंतून पडतो. कारण चरित्र हा प्रकारच असा आहे की त्याला अखेरीस निवाडा द्यावा लागतो. याउलट कथाकाव्याने या विषयाला हात घातला तेव्हा प्रश्नाची मांडणीच पालटली. तो कोण होता, यापेक्षा त्याला कोणी ओळखले होते, ओळखूनही आसरा का दिला, आणि तो जे बोलला तेच बोलणाऱ्या खऱ्या मूलनिवाशांच्या वाट्याला सभागृहे का आली नाहीत, या प्रश्नांकडे काव्याने आपले लक्ष वळवले. प्रस्तुत आढावा प्रामुख्याने त्या काव्याचा, आणि ज्या काव्यपरंपरेतून व ज्या परंपरेविरुद्ध ते उभे राहिले तिचा आहे.

प्रथम त्या आयुष्याची रूपरेषा सांगितली पाहिजे. आईबापांपासून दुरावलेला आर्ची आजी आणि आत्या यांच्या कडक शिस्तीत वाढला. शाळेत असल्यापासून त्याला इंडियनांचे वेड होते, आणि १९०३ साली बफेलो बिल या अमेरिकनाचा, इंडियनांना घेऊन फिरणारा तमाशा हेस्टिंग्जला आला तेव्हा तो पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. १९०६ साली तो कॅनडात उतरला आणि थोड्याच काळात टेमागामी सरोवराच्या प्रदेशात गेला. तेथे अँजेल एग्वुना या ओजिब्वे तरुणीशी त्याने १९१० साली विवाह केला. तिच्या कुटुंबाकडून भाषा, नाव वल्हवण्याची कला, सापळे लावण्याची विद्या, हिवाळ्यात रानात तगून राहण्याचे सारे शहाणपण शिकून घेतले, आणि तिला व लहान मुलीला मागे टाकून तो निघून गेला. बिस्कोटासिंग या रेल्वेच्या गावी मेरी जिरार्ड नावाच्या स्त्रीपासून त्याला एक मुलगा झाला. मेरी क्षयाने वारली. पहिल्या महायुद्धात तो नेमबाज म्हणून लढला, पायाला जखम घेऊन इंग्लंडात परतला आणि तेथे, अँजेलशी काडीमोड झालेला नसतानाही, आयव्ही होम्स या बालमैत्रिणीशी लग्न लावून बसला. तेही टिकले नाही. तो पुन्हा बिस्कोटासिंगला आला तो खचलेला, दारूच्या आहारी गेलेला. आणि तेथे एस्पॅनिएल नावाच्या ओजिब्वे कुटुंबाने त्याला घरात घेतले. या कुटुंबाचे नाव वाचकाने लक्षात ठेवावे.

१९२५ साली त्याला गर्ट्रूड बर्नार्ड भेटली. मोहॉक वंशाची, मॅटावा गावची, एकोणीस वर्षांची ही मुलगी पुढे ॲनाहारेओ या नावाने प्रसिद्ध झाली. बीव्हरच्या संरक्षणाचे श्रेय जगाने ग्रे आऊलला दिले, परंतु सापळ्यात सापडलेल्या मादीची पोरकी पिले मारू नयेत, घरी आणावीत, हा आग्रह तिचा होता. सापळ्यांतील जनावरांचे हाल पाहून ज्याच्या धंद्यावर तिने आक्षेप घेतला तो पट्टीचा पारधी होता. १९२८ साली मॅगिंटी आणि मॅगिनिस ही दोन पिले त्यांच्या खोपटात वाढली आणि पारध्याचा लेखक झाला. १९२९ साली लंडनच्या ‘कंट्री लाइफ’ने त्याचा लेख छापला, १९३१ साली पहिले पुस्तक आले. कॅनडाच्या उद्यान खात्याने त्याला पगारी नोकरीवर घेतले, आधी मॅनिटोबातील रायडिंग माउंटन आणि मग प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानातील अजावान सरोवराकाठी त्याला ओंडक्यांचे घर बांधून दिले, आणि त्या घराच्या भिंतीखालून थेट पाण्यातून आत येणाऱ्या बीव्हरांची चलच्चित्रे देशभर दाखवली. १९३५-३६च्या ब्रिटन दौऱ्यात त्याची दोनशेहून अधिक व्याख्याने झाली. १९३७च्या डिसेंबरात तो बकिंगहॅम राजवाड्यात राजा, राणी आणि दोन्ही राजकन्यांसमोर बोलला. चार महिन्यांनी तो मरण पावला. एकोणपन्नास वर्षांचे हे आयुष्य.

आता काव्याकडे वळू. उत्तर अमेरिकेच्या मूलनिवाशांवर इंग्रजीत कथाकाव्य लिहिण्याची परंपरा पुरातन म्हणावी इतकी जुनी आहे आणि तिचा पाया मुळातच सरकलेला आहे. लाँगफेलो या अमेरिकी कवीने १८५५ साली हायावथाचे जे दीर्घ काव्य रचले, त्यातील कथा बव्हंशी ओजिब्वे लोकांच्या नानाबोझो या देवतुल्य पुरुषाच्या, स्कूलक्राफ्ट या सरकारी अंमलदाराने संकलित केलेल्या, आणि नायकाचे नाव मात्र इरोक्वा लोकांच्या एका वेगळ्याच ऐतिहासिक पुरुषाचे. एका जमातीच्या धडावर दुसऱ्या जमातीचे शिर ठेवून घडविलेली ही मूर्ती इंग्रजी बोलणाऱ्या घराघरांत पूजिली गेली, मुलांनी तोंडपाठ केली. काव्याच्या शेवटी नायक गोऱ्या धर्मोपदेशकांचे स्वागत करून पश्चिमेकडे आपल्या नावेतून निघून जातो, ही रचना आकस्मिक नाही. जो स्वेच्छेने निघून जातो त्याच्या भूमीविषयी कोणी जाब विचारत नाही. हेस्टिंग्जच्या मुलाने ज्या इंडियनाचे स्वप्न पाहिले तो टेमागामीच्या अँजेलचा आप्त नव्हता. तो या काव्याचा आणि त्या तमाशाचा इंडियन होता.

कॅनडात या परंपरेला जे वळण मिळाले ते याहून गंभीर आहे. डंकन कॅम्पबेल स्कॉट हा कॅनडाच्या श्रेष्ठ कवींत गणला गेलेला पुरुष १९१३ ते १९३२ या काळात इंडियन खात्याचा उपप्रमुख, म्हणजे व्यवहारात सर्वाधिकारी, होता. सरकार आणि मूलनिवासी यांच्यातील नवव्या क्रमांकाच्या करारावर सह्या घेण्यासाठी १९०५ आणि १९०६ साली तो स्वतः उत्तर ऑन्टेरिओच्या नद्यांतून नावेने हिंडला; मूलनिवाशांच्या मुलांना निवासी शाळांत सक्तीने धाडण्याचा कायदा १९२० साली त्याच्याच कारकीर्दीत झाला; आणि दिवसा ज्यांच्या विलयनाची फर्माने काढावयाची त्यांच्याच विलयावर रात्री करुणरम्य कविता लिहावयाच्या, असा त्याचा क्रम अखंड चालला. या कविता वाईट नाहीत, हीच त्यातील दुःखाची गोष्ट. त्यांतील शोक अस्सल आहे, शब्दकळा सधन आहे, आणि तरीही त्या कवितांत मूलनिवासी मनुष्य बोलत नाही. तो मरतो, आणि कवी पाहतो. याच सुमारास मोहॉक पिता आणि इंग्रज माता यांची कन्या पॉलीन जॉन्सन ही आपल्या कविता सभांतून म्हणत असे, पूर्वार्धात हरणाच्या कातड्याचा पेहराव करून आणि उत्तरार्धात पाश्चात्त्य झगा घालून. श्रोत्यांना हवा असलेला पेहराव तिलाही चढवावा लागला, पण तो उतरवून दाखविण्याचे धैर्य तिने रोज दाखविले. ग्रे आऊलने मात्र तो कधीच उतरवला नाही.

नंतरच्या पिढीत ई. जे. प्रॅट याने जेझुइट हुतात्म्यांवर १९४० साली आणि आगगाडीच्या रुळांवर १९५२ साली राष्ट्रीय महाकाव्याच्या थाटाची दोन काव्ये लिहिली. दुसऱ्या काव्यात ज्यांच्या घामाने तो लोहमार्ग झाला ते चिनी मजूर कोठे आहेत, असा खडा सवाल एफ. आर. स्कॉट या दुसऱ्या कवीने कवितेतूनच केला, आणि तो सवाल कॅनडाच्या सर्वच आख्यानकाव्याला लागू पडणारा होता. डोरोथी लिव्हसे यांनी पुढे एका प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की ऐतिहासिक कागदपत्रांच्या आधारे रचलेले दीर्घकाव्य हा कॅनडाचा खास स्वतःचा प्रकार आहे. त्याची दोन उत्कृष्ट उदाहरणे १९७० साली एकदमच आली: मार्गारेट ॲटवुड यांनी सुझाना मूडी या वसाहतकालीन लेखिकेच्या अंतरंगात शिरून लिहिलेली काव्यमालिका, आणि मायकेल ओन्दाचे यांनी बिली द किड या बंदूकबाजावर कविता, गद्य, मुलाखती आणि छायाचित्रे यांच्या मिश्रणातून रचलेला ग्रंथ. ग्रे आऊलवर ग्वेन्डोलिन मॅक्इवेन यांचीही एक कविता आहे. ॲटवुड यांनी १९९१ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांपैकी एक संपूर्ण व्याख्यान, गोऱ्या माणसाला इंडियन होऊन जाण्याची जी ओढ लागते तिला ग्रे आऊलचेच नाव देऊन, या विषयाला वाहिले. त्यातील विवेचन मार्मिक आहे. परंतु ती ओढ ज्यांच्या अंगणात येऊन उतरते त्यांच्या बाजूने पाहणारे कोणीतरी अद्याप यावयाचे होते.

आर्मांड गार्नेट रुफो यांचा ‘ग्रे आऊल : द मिस्टरी ऑफ आर्ची बेलानी’ हा काव्यग्रंथ रेजायना येथील कोटो बुक्स या प्रकाशनसंस्थेने १९९६ साली प्रसिद्ध केला. रुफो यांचा जन्म १९५५ साली उत्तर ऑन्टेरिओतील चॅप्लो येथे झाला, ते ओजिब्वे वंशाचे आहेत, आणि खचलेल्या आर्चीला ज्या एस्पॅनिएल कुटुंबाने घरात घेतले ते कुटुंब त्यांच्या पूर्वजांचे. या एका गोष्टीने सारा पट बदलतो. आतापर्यंत ग्रे आऊलविषयी जे लिहिले गेले त्यात इंडियन हे पार्श्वभूमीला होते. रुफो यांच्या हाती लेखणी आल्यावर यजमान बोलू लागला आणि पाहुणा विषय झाला. या ग्रंथाआधी रुफो यांनी डंकन कॅम्पबेल स्कॉटवर एक छोटी कविता लिहिली होती, आणि तिच्यात करारावर सह्या घेण्यास आलेल्या त्या काळ्या कोटातील गृहस्थाकडे गावकऱ्यांनी कसे पाहिले हे दाखविले होते. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची ही अदलाबदल तेथे सुरू झाली आणि ग्रे आऊलच्या काव्यात पूर्णत्वाला गेली.

ग्रंथाची रचना अशी. कवितांच्या शिरोभागी स्थळे, सन आणि बोलणाऱ्यांची नावे येतात. कोठे आर्ची बोलतो, कोठे ग्रे आऊल. ॲनाहारेओ बोलते, आप्त बोलतात, शेजारीपाजारी बोलतात. मध्येच पत्रे येतात, टिपणवहीतील नोंदी येतात, आणि दप्तरखान्यात बसून कागद चाळणाऱ्या संशोधकाचा आवाजही येतो. छंद नाही, अलंकारांची आरास नाही. बोलण्याच्या लयीतली साधी, क्वचित गद्याला चिकटलेली भाषा आहे. आपल्याकडे मुक्तेश्वर-मोरोपंतांच्या आख्यानांत कवीचा एकच आवाज सर्व पात्रांना आपल्या वृत्तात ओवून घेतो. येथे कवीने जाणूनबुजून सूत्रधाराचे आसन सोडले आहे आणि जमलेल्या साक्षीदारांना एकेक करून पुढे येऊ दिले आहे. मूलनिवाशांच्या घराघरांतून तोंडी चालत आलेली आठवण आणि सरकारी दप्तरातील कागद हे दोन्ही पुरावे रुफो एकाच पंगतीला बसवतात. ज्या समाजाविषयीचे प्रत्येक सरकारी दस्तऐवज त्याच्याविरुद्ध वापरले गेले, त्याच्या मौखिक स्मृतीला मिळालेले हे स्थान माझ्या मते या ग्रंथाचे सर्वांत मोठे यश होय.

काव्यातील एक प्रसंग विशेष विचारार्ह आहे. १९३६ साली मूलनिवाशांच्या एका मेळाव्यास ग्रे आऊल आला. तेथे क्री जमातीचे पुढारी जॉन टूटूसिस होते. गाणे आणि नाचणे यावरून हा आपल्यातला नाही हे त्यांनी तत्काळ ओळखले. रुफो यांनी टूटूसिसांच्या मुखी जे घातले आहे त्याचा आशय असा की, आपला माणूस आपल्याला कळतो, हा नव्हे. पण हा आपल्या भल्याचे बोलतो आहे, म्हणून भेटला की मी त्याला भाऊ म्हणतो. लंडनच्या विद्वानांना आणि पत्रकारांना जे त्याच्या मृत्यूपर्यंत उमगले नाही, ते मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येक वृद्धाला दिसत होते. मग ते गप्प का राहिले? औदार्य हे एक उत्तर, आणि ते खरेच आहे. दुसरे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. १९२७ सालच्या दुरुस्तीने कॅनडाच्या इंडियन कायद्यात असे कलम घातले होते की, सरकारच्या परवानगीवाचून इंडियनांच्या हक्कांच्या दाव्यासाठी निधी गोळा करणे हा गुन्हा ठरावा. वकील देण्याची वाटच त्यामुळे बंद झाली. त्यांच्या काही सणसमारंभांवर १८८५ पासून बंदी होती; आरक्षित वस्तीबाहेर पडण्यास पश्चिमेकडे अधिकाऱ्याचा पास लागे; संघराज्याच्या निवडणुकीत बिनशर्त मताचा हक्क मिळण्यास १९६० साल उजाडावे लागले. टूटूसिस हे आयुष्यभर आपल्या लोकांची संघटना बांधत राहिले आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकण्यास राजवाड्याचे दार उघडले नाही. हेस्टिंग्जच्या आर्चीसाठी ते उघडले. ज्याला स्वतःचे तोंड उघडण्याची मनाई आहे, त्याने आपल्या वतीने बोलणाऱ्या तोतयाला उघडे पाडावयाचे ते कोणासाठी?

आणि तो खरोखर त्यांच्या वतीने किती बोलला, हेही पाहिले पाहिजे. इंडियनांना वनरक्षक म्हणून नेमावे, रानाचे राखणदार तेच उत्तम, अशी सूचना त्याने केली होती, आणि ती त्या काळच्या मानाने धीट होती. परंतु ज्या उद्यान खात्याचा पगार तो घेत होता त्याच खात्याच्या हद्दीत काय चालले होते? १९३१ साली ग्रे आऊल ज्या रायडिंग माउंटन उद्यानात प्रथम राहिला, त्याच उद्यानातील क्लिअर सरोवराकाठची कीसीकूवेनिन ओजिब्वे लोकांची वस्ती १९३६ साली उठविण्यात आली आणि त्यांची घरे जाळण्यात आली. ती जमीन परत मिळू लागली १९९०च्या दशकात. रान राखण्यासाठी नकली ओजिब्वे नोकरीला ठेवावा आणि खरा ओजिब्वे हाकलून लावावा, हा त्या काळच्या वनसंरक्षणाचा अंतर्विरोध आहे. टेमागामीची गोष्टही निराळी नाही: ते अरण्य १९०१ साली राखीव झाले आणि अँजेलच्या लोकांना स्वतःच्या भूमीवर आरक्षित वस्तीचा दर्जा मिळण्यास १९७१ साल उजाडले. निर्मनुष्य अरण्याची जी प्रतिमा ग्रे आऊलच्या पुस्तकांनी लाखो वाचकांच्या मनावर ठसविली, तिच्यात एकटा रानपुरुष शोभून दिसतो, गाव शोभत नाही. बीव्हर वाचला याचा आनंद मानावाच. त्याचबरोबर हा हिशेबही मांडला पाहिजे.

अशी सोंगे आणखी पुष्कळ झाली, त्यांचा येथे विस्तार नको. लाँग लान्स नावाने गाजलेला सिल्व्हेस्टर लाँग, ‘लिटल ट्री’च्या आत्मकथेचा कर्ता म्हणून वाखाणला गेलेला आणि मुळात वर्णद्वेषी प्रचारक असलेला एसा कार्टर, १९७१ सालच्या जाहिरातीत कचरा पाहून अश्रू ढाळणारा, जन्माने इटालियन वंशाचा आयर्न आइज कोडी. अलीकडे, २०२३च्या ऑक्टोबरात, गायिका बफी सेंट-मेरी यांच्या वंशाविषयी कॅनडाच्या राष्ट्रीय प्रसारणसंस्थेने केलेल्या चौकशीने तो देश पुन्हा हादरला. आजचा प्रश्न अधिक बोचरा आहे, कारण आज मूलनिवासी म्हणून पदे, पारितोषिके आणि शिष्यवृत्त्या मिळतात आणि सोंग घेणारा ते प्रत्यक्ष कोणाच्या तरी तोंडातून काढून घेतो. ग्रे आऊलच्या काळी इंडियन असण्याचा सरकारी लाभ काही नव्हता, तोटेच होते. आणि तो कायद्याने इंडियन नसल्यामुळे त्या तोट्यांपैकी एकही त्याला सोसावा लागला नाही. त्याच्या मुलाला निवासी शाळेत नेण्यास कोणी आले नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या राखीव जागा बळकावणाऱ्यांचा, ज्यांना आपल्याकडे सरळ ‘बोगस आदिवासी’ म्हणतात त्यांचा, वाद इतका वाढला की जात-दाखल्यांच्या पडताळणीचा स्वतंत्र कायदा येथे २००१ साली अमलात आला आणि खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी वा प्रवेश टिकू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या जुलैत महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणांत दिला. तेथील हेतू लोभाचा आणि ग्रे आऊलचा हेतू स्वप्नाचा, हे खरे. परंतु आदिवासींच्या वतीने दुसऱ्याने बोलण्याचे दुःख दोन्हीकडे एकच आहे. वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत ते दुःख थोड्या ओळींत सांगून ठेवले आहे: मंचावर आम्हांला कोणी बोलावले नाही, आणि तेथून आमचेच दुःख आम्हांला ऐकवले गेले, असा तिचा आशय. रुफो यांचे सबंध पुस्तक ज्या ठिकाणी उभे आहे ते ठिकाण हेच.

याच संदर्भात व्हेरिअर एल्विन यांची आठवण होते. १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झालेला हा इंग्रज पुढे मंडला जिल्ह्यातील गोंड आणि बैगा यांच्यात जाऊन राहिला, कोसी नावाच्या गोंड मुलीशी त्याने विवाह केला, १९५४ साली तो भारताचा नागरिक झाला. आदिवासींच्या रानावरील हक्कांसाठी तो आयुष्यभर झगडला आणि आपण गोंड आहोत असे त्याने कधी म्हटले नाही. म्हणजे सोंग न घेताही प्रेम करता येते, लढताही येते. पण एल्विनलाही मी सर्वस्वी निर्दोष ठरविणार नाही; कोसीशी त्याचा घटस्फोट झाला आणि त्याच्या सुप्रसिद्ध आत्मचरित्रात तिला जेमतेम जागा मिळाली. अँजेल एग्वुना आणि कोसी या दोघींची कैफियत अद्याप कोणा कवीने लिहावयाची राहिली आहे.

रुफो यांच्या ग्रंथात मला जाणवलेली उणीवही येथेच नोंदविली पाहिजे. काही पानांवर कागदपत्रे काव्यात विरघळत नाहीत, नुसती मांडली जातात. आणि अनेक आवाज आणूनही मध्यवर्ती आसन अखेरीस बेलानीचेच राहते. त्याच्या मद्यपानाची, भीतीची, उघडे पडण्याच्या धसक्याची चित्रणे इतकी समरसून केली आहेत की वाचकाची अनुकंपा पुन्हा त्याच्याकडेच धावते. ग्रे आऊलने अँजेलशी काडीमोड कधीच घेतला नव्हता; मृत्यूनंतर कायदेशीर पत्नी म्हणून त्याच्या मालमत्तेत तिला वाटा मिळाला. जिच्या घरी तो इंडियन होण्यास शिकला आणि जिने तो कोण आहे हे १९३५ सालीच वार्ताहराला सांगून टाकले होते, तिचा आवाज या ग्रंथात याहून मोठा असता तर आख्यान अधिक उंचीला गेले असते. तरीही या विषयावरील काव्यात याच्या तोडीचे दुसरे काही नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन. चित्रपटाने ज्याची प्रेमकथा केली आणि चरित्राने ज्याचा खटला चालविला, त्या माणसाला रुफो यांनी त्याच्या उपकारकर्त्यांच्या सभेत आणून बसविले आहे. तेथे त्याचा सत्कारही होत नाही आणि धिंडही निघत नाही.

मराठी वाचकाला या विषयात शिरावयाचे असेल तर त्याने ग्रे आऊलच्या स्वतःच्या पुस्तकांनी आरंभ करू नये. आधी रुफो यांचा काव्यग्रंथ वाचावा, मग ॲनाहारेओने १९७२ साली लिहिलेले ‘डेव्हिल इन डिअरस्किन्स’ हे आत्मवृत्त, आणि त्यानंतरच १९३५चे ‘पिलग्रिम्स ऑफ द वाइल्ड’. आदिवासी साहित्याची पारख असलेल्या एखाद्या अनुवादकाने यांपैकी पहिली दोन पुस्तके मराठीत आणण्याचे मनावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.